विमानतळांमधील अंतर व उड्डाणकाल

विमानतळांमधील अंतर व उड्डाणकाल : एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळावर जाताना विमानाला तोडावे लागणारे अंतर आणि त्यास लागणारा वेळ. या दोन्ही राशी वरवर पाहता अगदी सोप्या वाटतात. तथापि त्यांपैकी प्रत्येकीचे दोन-तीन निरनिराळे अर्थ होतात आणि ते एकमेकांत मिसळले गेल्याने बराच गोंधळ होतो. नकाशावरील अंतर, विमानाने प्रत्यक्षात कापलेले अंतर आणि भाडे ठरविताना धरलेले अंतर ही तीन सहसा एक नसतात. तसेच हवेत घालविलेला वेळ, वेळापत्रकात छापलेला वेळ आणि प्रवाशाच्या घरापासून मुक्कामापर्यंतचा वेळ यांतही मोठी तफावत असते. दूरच्या आंतरराष्ट्रीय प्रवासात ही तफावत एकूण वेळाच्या मानाने लहान असल्याने लपून जाते. एका राज्यातील दोन शहरांमधील छोट्या मार्गांवर मात्र तीच निर्णायक ठरते. प्रस्तुत नोंदीत पुणे (लोहगाव) व नागपूर (सोनेगाव) हे विमानतळ मुख्यतः उदाहरणादाखल घेतले आहेत.

अंतर : पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंना जोडणारा सर्वांत लहान मार्ग हा त्या बिंदूंतून जाणाऱ्या बृहद्‌वृत्ताचा, म्हणजे ज्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते अशा वर्तुळाचा, कंस असतो. बृहद्‌वृत्ताच्या कंसाच्या एका मिनिटाएवढी लांबी म्हणजे स्थूलमानाने एक सागरी मैल होय. १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेत तिचे मूल्य १,८५२ मी. असे निश्चित करण्यात आले. जहाजांप्रमाणेच विमानांच्या मार्गनिर्देशनातही हेच एकक रूढ आहे आणि ताशी एक सागरी मैल या वेगास नॉट म्हणतात. विमानतळाचे स्थान म्हणून त्याच्या धावपट्ट्यांच्या मध्याजवळील एक ठराविक संदर्भबिंदू घेतात. त्याचे अक्षांश-रेखांश पूर्वी देशोदेशीच्या स्वतंत्र सर्वेक्षणांवरून काढीत. भारतात १८३० च्या एव्हरेस्ट लंबगोलाभावर आधारलेले सहनिर्देशक वापरात होते. उपग्रहांच्या साहाय्याने मार्गनिर्देशन होऊ लागल्यावर सर्व देशांना एकच आधार लागू करणे अपरिहार्य झाले आणि जानेवारी १९९८ पासून जागतिक भूगणितीय प्रणाली १९८४ हा आंतरराष्ट्रीय मानक झाला.

लोहगाव विमानतळ १८·५८° उ. अक्षांश व ७३·९२° पू. रेखांशावर, तर नागपूरचा विमानतळ २१·०९° उ. अक्षांश व ७९·०५° पू. रेखांशावर आहे. अक्षांशांतील फरक सु. अडीच अंशांचा, म्हणजे उत्तरेकडे सु. २७८ किमी. भरतो. रेखांशांतील फरक सव्वापाच अंशांहून किंचित कमी आहे. या अक्षांशांवर रेखांशाचा एक अंश सु. १०५ किमी. असल्याने पूर्वेकडील अंतर सु. ५३७ किमी. होते. काटकोन त्रिकोणाच्या नियमाने यांचा कर्ण काढल्यास ६०५ किमी. (सु. ३२६ सागरी मैल) येतो आणि गोलीय त्रिकोणमितीच्या सूत्रानेही जवळजवळ तेच उत्तर मिळते. म्हणजे एवढ्या अंतरासाठी पृथ्वीची वक्रता विचारात घेतली नाही तरी चालते. मुंबई ते न्यूयॉर्क अशा प्रवासात मात्र ती विसरून चालत नाही. तेथे विमान पश्चिमेला न वळता उत्तर-वायव्येकडे निघते व सपाट नकाशावर त्याचा मार्ग विनाकारण वाकडा दिसतो.

पुणे–नागपूर ही दिशा पूर्व-ईशान्येची आहे. याच दोन शहरांमधील रस्ता अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, जालना या बाजूने गेल्यास सातशे किमी. च्या थोडा पुढे जातो, तर दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घेणारा लोहमार्ग सु. ८९० किमी. लांबीचा आहे. हवाई अंतराशी तुलना करता लोहमार्ग जवळजवळ दीडपट पडतो. या मार्गावर विमानाला जो लाभ मिळतो त्याचा एक मोठा भाग वेगाचा नसून या सरळपणाचा आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

विमानही अगदी सरळ रेषेत जाते असे नाही. उड्डाणानंतर ते ठरलेल्या बिंदूंवरून आखलेल्या हवाई मार्गाला लागते. पूर्वी हे बिंदू जमिनीवरील रेडिओ दीपस्थानांच्या जागी असत व मार्ग एका स्थानकावरून दुसऱ्यावर असे मोडत मोडत जात. उपग्रहीय मार्गनिर्देशनामुळे आता कोणताही कल्पित बिंदू चालतो व मार्ग बरेच सरळ झाले आहेत. लष्करी विमानांच्या सरावासाठी राखून ठेवलेली क्षेत्रे टाळावी लागतात. लोहगाव हा मुळात भारतीय हवाई दलाचा तळ असून नागरी विमाने तेथे त्याच धावपट्टीचा उपयोग करतात. त्यामुळे तेथील वेळांवर हवाई दलाच्या गरजांचे बंधन राहते. १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या काळात धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी तेथील सर्व नागरी उड्डाणे थांबवावी लागली होती. देशांमधील वितुष्टाचाही परिणाम अंतरावर होतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली तेव्हा दिल्लीहून यूरोपला जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून मोठा वळसा घ्यावा लागला. शहरे जागच्या जागी राहिली, अंतर मात्र वाढले.

उड्डाणकाल : ताशी ८४० किमी. वेगाच्या जेट विमानास ६०५ किमी. साठी ४३ मिनिटे लागावीत, असे साधे गणित सांगते. पुणे–नागपूर वेळापत्रकात मात्र सामान्यतः एक तास वीस मिनिटे ते दीड तास असा वेळ छापलेला असतो. या दोहोंमधील सु. चाळीस मिनिटे कोठे जातात, हे पाहिल्यास छोट्या हवाई मार्गांचे सर्व अर्थशास्त्र उलगडते.

वेळापत्रकातील काल हा विमानाच्या चाकांखालचे अडसर काढून ते जागचे हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर पुन्हा अडसर लावीपर्यंत मोजतात. व्यवसायात त्यास ब्लॉक काल म्हणतात. एंजिने सुरू करणे, धावपट्टीच्या टोकापर्यंत सावकाश जाणे, पुढील विमानांमागे रांगेत थांबणे यांत दहा ते पंधरा मिनिटे आणि उतरल्यावर थांब्यापर्यंत जाण्यात सु. पाच मिनिटे जातात. हवेत गेल्यावरही विमान लगेच पूर्ण वेगाने जात नाही. दहा हजार फुटांच्या खाली सामान्यतः २५० नॉट (ताशी सु. ४६३ किमी.) ही वेगमर्यादा पाळावी लागते. तेहतीस हजार फुटांची उंची गाठण्यास सु. वीस मिनिटे लागतात व तोवर सु. २०० किमी. अंतर कापले जाते. खाली येताना दर हजार फुटांस तीन सागरी मैल हा वैमानिकांचा जुना ठोकताळा आहे; त्यानुसार नागपूरपूर्वी सु. १८० किमी. वर विमान उतरू लागते आणि जमिनीला टेकेपर्यंत पंचवीस मिनिटे जातात. अर्थात ६०५ किमी. पैकी पूर्ण उंचीवरचा, पूर्ण वेगाचा प्रवास केवळ सव्वादोनशे किमी. चा, म्हणजे सोळा-सतरा मिनिटांचा असतो. पेये वाटून रिकामे पेले गोळा करेपर्यंत घोषणा होते, त्याचे कारण हेच.

उंची निवडण्यातही मुभा मर्यादित असते. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांना विषम हजारांच्या (३१, ३३, ३५ हजार फूट) व पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम हजारांच्या पातळ्या दिल्या जातात. त्यामुळे समोरासमोर येणाऱ्या विमानांत किमान एक हजार फुटांचे उभे अंतर राहते. नागपूरला जाताना व परत येताना उंची म्हणूनच वेगळी असते.

धावपट्टीच्या दिशेचा परिणाम प्रवाशाला जाणवतो, पण त्याचे कारण त्याला ठाऊक नसते. विमान शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चढते व उतरते. लोहगावची धावपट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे. पूर्वेकडे उड्डाण झाल्यास विमान थेट नागपूरच्या वाटेला लागते; पश्चिमेकडे झाल्यास त्याला शहराच्या बाजूने वळून परत फिरावे लागते. नागपूरची ३,२०० मी. लांबीची धावपट्टी वायव्य-आग्नेय दिशेत, म्हणजे पुण्याहून येणाऱ्या मार्गाशी जवळजवळ काटकोनात आहे. परिणामी कोणत्याही टोकाने उतरावयाचे झाले तरी विमानाला बाजूला जाऊन वळण घेणे भाग पडते. यात पाच-सात मिनिटे सहज जातात आणि ती कोणत्याही अंतराच्या कोष्टकात दिसत नाहीत.

वारे व तापमान : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत असल्याने पश्चिमेकडे जाणारे विमान लवकर पोहोचावे, अशी एक समजूत आढळते. ती चुकीची आहे, कारण वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते. जाण्या-येण्याच्या वेळांत फरक पडतो तो वाऱ्यांमुळे. हिवाळ्यात उत्तर भारतावर उपोष्ण कटिबंधीय पश्चिमी जेट प्रवाह असतो व त्याच्या दक्षिण कडेचे पश्चिमी वारे महाराष्ट्रावरही विमानांच्या उंचीवर वाहतात. मॉन्सूनच्या काळात चित्र पालटते. द्वीपकल्पावर पूर्वेकडून वाहणारा उष्ण कटिबंधीय जेट प्रवाह निर्माण होतो. भारतीय वातावरणवैज्ञानिक पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ मध्ये त्याचे सविस्तर विवेचन केले. हा प्रवाह सर्वांत प्रबळ असतो तो विमानांच्या नेहमीच्या पातळीच्या वर, म्हणून त्याचा प्रभाव या मार्गावर सौम्य राहतो.

विमानाचा हवेतील वेग ताशी ८४० किमी. व वाऱ्याचा साहाय्यक घटक ताशी ८० किमी. मानला तर ६०५ किमी. साठी जाताना साडेएकोणचाळीस व येताना जवळजवळ अठ्ठेचाळीस मिनिटे लागतील. दोन्ही मिळून सु. ८७ मिनिटे होतात. निर्वात स्थितीत ती ८६ च्या थोडी वर झाली असती. जाताना मिळालेला लाभ येताना तेवढाच फिटतो, असे जे वाटते ते खरे नाही. विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक वेळ राहत असल्याने जाऊन-येऊन नेहमी थोडे नुकसानच होते. प्रत्यक्षात चढ-उताराच्या काळात वारे मंद असल्याने पुणे–नागपूर मार्गावर हा फरक पाच-सहा मिनिटांपुरता राहतो.

तापमानाचा परिणाम निराळा आहे. नागपूरला मे महिन्यात पारा ४५° से. च्या वर जातो. तापलेली हवा विरळ असल्याने पंखांना उचल कमी मिळते, एंजिनांचा जोर घटतो व धावपट्टीवरील धाव लांबते. नागपूरची उंची (सु. ३१५ मी.) बेताची व धावपट्टी लांब असल्याने तेथे अडचण क्वचित येते. लोहगावची उंची सु. ५९० मी. असून धावपट्टी सु. २,५३५ मी. म्हणजे नागपूरपेक्षा आखूड आहे. अशा ठिकाणी उन्हाळ्याच्या दुपारी प्रसंगी भार कमी करावा लागतो. शिवाय प्रत्येक विमानास मार्गापुरत्या इंधनाखेरीज पर्यायी विमानतळापर्यंतचे व तेथे अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढे इंधन न्यावे लागते. हा साठा छोट्या मार्गावर प्रवासाच्या इंधनाइतकाही भरू शकतो.

पूर्वेतिहास : मध्यम अंतरे व उड्डाणकाल यांचा मेळ घालून उभारलेली सर्वांत नावाजलेली भारतीय योजना नागपूरचीच होती. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले व तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. त्या वेळी एका एंजिनाचे लहान विमान दिवसाउजेडीच उडे. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून रात्री निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची व प्रवाशांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. नागपूरपासून मुंबई सु. ६८५, दिल्ली सु. ८५०, चेन्नई सु. ९०५ व कोलकाता सु. ९८५ किमी. आहे. ताशी पावणेतीनशे किमी. च्या आसपास जाणाऱ्या डकोटा विमानांना ही अंतरे अडीच ते साडेतीन-पावणेचार तासांची होती आणि त्यामुळे एका रात्रीत जाऊन परत येणे जेमतेम साधे. जेट विमाने थेट एका महानगरातून दुसऱ्यात जाऊ लागल्यावर या मध्यबिंदूचे कारणच उरले नाही. शहराचे स्थान तेच असले तरी त्याचे महत्त्व विमानाच्या वेगावर कसे अवलंबून असते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

सरासरी वेग व छोटे मार्ग : एकूण काल हा साधारणतः दोन भागांचा बनलेला असतो : अंतराशी संबंध नसलेला सु. चाळीस मिनिटांचा स्थिर भाग आणि अंतराच्या प्रमाणात वाढणारा भाग. मुंबई–कोल्हापूर या सु. ३०८ किमी. च्या मार्गावर दुसरा भाग केवळ २२ मिनिटांचा असतो. एकूण तासाभराच्या प्रवासात सरासरी वेग ताशी ३०० किमी. च्या आसपास येतो. पुणे–नागपूरला तो ताशी सु. ४३० किमी. व मुंबई–दिल्ली (सु. १,१४० किमी.) मार्गावर ताशी पाचशेच्या वर जातो. विमान तेच, वैमानिक तोच, पण लहान मार्गावर त्याचा निम्म्याहून अधिक वेग वाया जातो. मुंबईसारख्या गर्दीच्या विमानतळावर रांगेत व घिरट्यांत जाणारा वेळ या स्थिर भागातच मोडतो. म्हणून तेथील गर्दीचा जाच लांबच्या प्रवाशापेक्षा कोल्हापूरच्या प्रवाशास अधिक जाणवतो.

येथेच पंखे असलेल्या टर्बोप्रॉप विमानांचे स्थान आहे. सु. सत्तर आसनांचे असे विमान ताशी ५०० किमी. वेगाने व जेटहून बऱ्याच कमी उंचीवर जाते. चढ-उतारास त्याला थोडा वेळ लागतो, इंधनही बरेच कमी खर्च होते. मुंबई–कोल्हापूर मार्गावर जेटच्या तुलनेत त्याला चार-पाच मिनिटेही अधिक लागत नाहीत. नागपूरला मात्र पंधरा-वीस मिनिटे अधिक लागतात. पंख्याचे विमान म्हणजे जुनाट विमान हा प्रवाशांमधील समज या दृष्टीने निराधार आहे.

प्रवाशाचा खरा काल याहून मोठा असतो. विमानतळ गाठणे, सुटण्यापूर्वी तासभर आधीच बंद होणारी नोंदणी, सुरक्षा तपासणी, सामानाची वाट पाहणे हे धरता पुणे–नागपूर प्रवास घरापासून घरापर्यंत साडेचार ते पाच तासांचा होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अजनी (नागपूर)–पुणे वंदे भारत रेल्वेगाडी सुरू झाली, तिला सु. बारा तास लागतात. अर्थात येथे विमानाचा लाभ निर्विवाद आहे. शिक्षणासाठी व नोकरीसाठी विदर्भातून पुण्यास गेलेल्या अनेकांना दिवाळीच्या दिवसांत जादा भाडे देऊनही विमान परवडते, ते यामुळेच. अंतर तीनशे किमी. पर्यंत घटले की हा लाभ दोन-तीन तासांवर येतो आणि रस्ता सुधारला तर तोही उरत नाही. ७०१ किमी. लांबीच्या मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये व अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्याच्या काठच्या शहरांपुढे हा प्रश्न आता उभा आहे. वेळापत्रकातील काळही कधीकधी मुद्दाम सैल ठेवलेला असतो, म्हणजे उशिरा निघालेले विमान वेळेवर पोहोचल्याची नोंद होते. निरनिराळ्या कंपन्यांच्या छापील वेळांची तुलना करताना हे ध्यानात ठेवणे बरे.

अंतर व काल यांना धोरणात्मक महत्त्व आले ते केंद्र शासनाच्या प्रादेशिक हवाई संपर्क योजनेमुळे (उडान). ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत सु. ५०० किमी. च्या, म्हणजे अदमासे तासाभराच्या प्रवासास ठराविक आसनांसाठी २,५०० रु. भाड्याची मर्यादा घातली गेली व अंतराच्या टप्प्यांनुसार ती कमी-अधिक ठेवण्यात आली. कंपनीची तूट अनुदानातून भरून काढावयाची अशी रचना होती. २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झालेल्या पहिल्या उड्डाणांत नांदेड–हैदराबाद मार्गाचा समावेश होता. भाडे अंतराप्रमाणे कमी होते, खर्चाचा स्थिर भाग मात्र कमी होत नाही. उड्डाण-अवतरणातील इंधन, विमानतळावरील सेवा व थांबलेल्या विमानाचा खर्च तीनशे किमी. साठीही जवळजवळ तेवढाच असतो. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ मधील अहवालानुसार देण्यात आलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर उड्डाणे सुरूच झाली नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी अनुदानाची तीन वर्षे पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्यांतील ५४ च टिकून होते. विमानांची व सुट्या भागांची टंचाई, अपुऱ्या धावपट्ट्या ही कारणे त्यामागे होतीच. पण सवलतीची मुदत संपल्यावर प्रवासी पूर्ण भाडे देईल की गाडीने जाईल, हा प्रश्न प्रत्येक छोट्या मार्गावर अखेरीस त्या स्थिर चाळीस मिनिटांपाशी येऊन थांबतो.